नवा लॅपटॉप नीट चालतोय? दुर्लक्ष करू नका

नवा लॅपटॉप घेतलात, अभिनंदन. खोक्यातून काढलात, झाकणावरचं प्लास्टिक सोलवेना म्हणून तसंच राहू दिलंत, हळदीकुंकवाची बोटं लावलीत (कुंकू कीबोर्डात सांडलं नाही ना, तेवढं बघा), आणि तेव्हापासून तो मुकाट चालतोय. मेल येतात, पिक्चर दिसतो, पंखासुद्धा कुरकुरत नाही. एवढे पैसे मोजून घेतलेली वस्तू काहीच त्रास देत नसेल, तर शहाण्या माणसाला झोप लागतेच कशी? ज्यांना अजून लागते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन.

विंडोजचं बटण दाबून आर दाबा. 'रन' नावाचा छोटा चौकोन येईल. त्यात रोमन लिपीत ई-व्ही-ई-एन-टी-व्ही-डब्ल्यू-आर एवढं टंकून एंटर मारा. जे उघडेल त्याचं नाव ईव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे यंत्रातल्या बारीकसारीक घडामोडींचं रजिस्टर. १९९३ साली विंडोज एनटी आलं तेव्हापासूनचं हे दालन, आणि ते तज्ज्ञांसाठी आहे असं म्हणतात. आपण तज्ज्ञ नाही हे आजवर आपल्याला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही, तेव्हा पुढे चला. डाव्या हाताला 'कस्टम व्ह्यूज', त्याच्या पोटात 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ईव्हेंट्स'. वाट मुद्दाम नेमकी सांगतोय. इकडेतिकडे गेलात तर 'सेवा सुरू झाली', 'अपडेट बसलं' असल्या निरुपयोगी शुभवार्ता वाचाव्या लागतील. इथे मात्र सगळ्या लॉगमधून, म्हणजे नोंदवह्यांमधून, क्रिटिकल, एरर आणि वॉर्निंग तेवढे वेचून मांडलेले असतात. लाल गोल, पिवळे त्रिकोण. कालपरवा सील फोडलेल्या यंत्रातही खाली सरकवता सरकवता बोट दुखेल एवढे. आता जरा जिवात जीव आला ना?

सुरुवात १००१६ क्रमांकाच्या नोंदीपासून करा. डिस्ट्रिब्युटेडकॉम नावाच्या खात्याची ही नोंद बहुधा सापडतेच, आणि एकदा सापडून थांबत नाही. मजकूर साधारण असा, की अमुक सीएलएसआयडी असलेल्या कॉम सर्व्हरचं लोकल ॲक्टिव्हेशन करण्याची परवानगी तमुक वापरकर्त्याला नाही. अमुकच्या जागी महिरपी कंसात बत्तीस अक्षर-आकड्यांची माळ असते. तमुकच्या जागी कधी 'लोकल सर्व्हिस' असतं, कधी चक्क तुमचं नाव. आपल्या पैशाने आणलेल्या लॅपटॉपवर आपल्यालाच परवानगी नाही! हे वाचून ज्याचं रक्त उसळणार नाही, त्याने टॅब घ्यावा.

प्रत्यक्षात घडतं ते असं. विंडोजचा एखादा भाग आधी एका तऱ्हेने परवानगी मागतो, नकार मिळतो, मग दुसऱ्या तऱ्हेने मागतो आणि काम होऊन जातं. तहसील कचेरीत तीन नंबरच्या खिडकीने 'इथे नाही, पाचला जा' म्हणून पिटाळलं, पाचवर दाखला मिळाला, पण रजिस्टरात नोंद राहिली ती फक्त तीनने नकार दिल्याची, असा सगळा मामला. मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहून ठेवलंय की या नोंदी रचनेचाच भाग आहेत, कामावर परिणाम होत नाही, खुशाल दुर्लक्ष करा. ज्या कंपनीने रजिस्टर दिलं, तीच म्हणते वाचू नका. संशय यायला आणखी काय हवं?

तेव्हा रजिस्ट्री एडिटर उघडा, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जचं कोठार. त्या बत्तीस अक्षरांची माळ शोधा. तिचा मालक म्हणून 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' असं नाव दिसेल. भरवशाचा म्हणे! त्याला हटवा, मालकी स्वतःच्या नावावर करून घ्या. सातबारावर नाव चढवायला पिढ्या जातात, इथे चार क्लिक पुरतात. मग रन चौकोनात डीकॉमसीएनएफजी, त्यात कॉम्पोनंट सर्व्हिसेस, त्यात 'रनटाइम ब्रोकर', त्याच्या सिक्युरिटीत 'लोकल सर्व्हिस'ला बोलावून परवानगीच्या चौकोनात खूण. यात एक अख्खा रविवार सहज जातो आणि शेवटी एक पिवळा त्रिकोण यायचा थांबतो. लॅपटॉप पूर्वी जेवढा चालत होता तेवढाच चालतो. पुढचं मोठं अपडेट आलं की त्या परवानग्या कदाचित पूर्वपदावर येतील. म्हणजे पुढच्याही एका रविवारची सोय झाली.

१००१६ ही तशी चिल्लर. खानदानी एरर म्हणजे कर्नल-पॉवर ४१. हा 'क्रिटिकल' या दर्जाचा असतो. नातेवाइकांना फोन करून सांगताना हा शब्द फार उपयोगी पडतो. मजकूर एवढाच, की यंत्र व्यवस्थित बंद न होता पुन्हा सुरू झालं. का, ते तो सांगत नाही. डेस्कटॉप असता तर महावितरणवर ढकलता आलं असतं. लॅपटॉपला बॅटरी असल्यामुळे तीही सोय गेली. 'डिटेल्स' उघडून पाहिलंत तर 'बगचेककोड' नावाची ओळ दिसेल. तिथे शून्य असेल तर निळा पडदा (विंडोज कोसळल्यावर येतो तो) आल्याची नोंद नाही. वीज अचानक तुटली, यंत्र जागच्या जागी गोठलं किंवा कुणीतरी पॉवरचं बटण दाबून धरलं. परवा अपडेट संपता संपेना म्हणून ते बटण घरात कुणी दाबून धरलं होतं, हा विषय मात्र काढू नका. मदरबोर्ड गेला असं म्हणा. मदरबोर्ड म्हटल्यावर कुणी उलट प्रश्न विचारत नाही.

आता बंद करण्याविषयी. रोज रात्री तुम्ही शिस्तीत 'शट डाऊन' करता आणि समजता की यंत्र पूर्ण बंद झालं. गैरसमज आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची युक्ती आहे. ती चालू असली की शट डाऊन करताना तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून परत आणला जातो. टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' बघा. रोज बंद होणारा लॅपटॉप कित्येक दिवस जागा असल्याचं दिसेल. खरी ताजी सुरुवात होते ती 'रीस्टार्ट'ने. बंद करायचं असेल तर बंद करू नका, पुन्हा सुरू करा. ड्रायव्हरच्या निम्म्याशिम्म्या किरकिरी यानेच मिटतात म्हणून हा उपाय कटाक्षाने टाळा. दोन मिनिटांत मिटणाऱ्या दुखण्याला समाजात मान नाही.

मान आहे तो काळ्या खिडकीला. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, एसएफसी स्कॅननाऊ चालवा, आणि घरातल्या कुणालातरी मागे उभं करा. ही आज्ञा विंडोजच्या राखीव फायली तपासते. नव्या यंत्रात ती बहुतेक वेळा कळवते की काहीही दोष आढळला नाही. खचू नका. लगेच डीआयएसएम, म्हणजे विंडोजची मूळ प्रतच दुरुस्त करणारी आज्ञा, चालवा, तिच्यापुढे 'रिस्टोअर हेल्थ' लावून. ६२.३ टक्क्यांवर येऊन थबकण्याबद्दल ती प्रसिद्ध आहे. त्या वेळी खिडकी बंद न करता नुसतं बघत राहणं हा एक स्वतंत्र योगाभ्यास आहे. शंभर टक्के झाले की पुन्हा एसएफसी. पुन्हा दोष नाही. पुन्हा डीआयएसएम. गिरणीत कुणी रिकामी चक्की फिरवत नाही, पण संगणकाला पिठाचा हिशेब द्यावा लागत नाही.

मध्येच विरंगुळा हवा असेल तर 'ॲप्लिकेशन' लॉगमध्ये सिक्युरिटी-एसपीपी, क्रमांक १६३८४ शोधा. ही एरर नाही, साधी माहिती आहे: सॉफ्टवेअर प्रोटेक्शन सेवा पुन्हा सुरू करण्याची वेळ यशस्वीपणे ठरवली. तारीख वाचा. वर्ष बरेचदा एकविसाव्या शतकातलं नसतंच, तब्बल शंभरएक वर्षं पुढचं असतं. तुमची वॉरंटी तोवर टिकणार नाही. सेवेचा मात्र निर्धार आहे.

एवढं करूनही लाल गोल येतच राहिले तर शेवटचा उपाय, पाटी कोरी करणं. 'सिस्टम' लॉगवर राइट क्लिक, 'क्लिअर लॉग'. सगळं स्वच्छ. आणि त्याच क्षणी त्या स्वच्छ पाटीवर पहिली नोंद उमटते, क्रमांक १०४: लॉग पुसण्यात आला. पुसणाऱ्याच्या नावासकट.

या सगळ्या अभ्यासाचा एक फायदा मात्र नक्की. 'तुमच्या कॉम्प्युटरमधून एरर येताहेत' असं सांगणारा फोन आला की तुम्ही गडबडणार नाही. जगभरच्या वयस्कर लोकांना याच ईव्हेंट व्ह्यूअरचे लाल गोल दाखवून 'व्हायरस शिरलाय' असं भासवायचं, यंत्राचा ताबा घ्यायचा आणि दुरुस्तीचे पैसे उकळायचे, हा धंदा जुना आहे. २०१२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असल्या सहा प्रकरणांत कारवाई जाहीर केली, त्यांतली बहुतेक मंडळी भारतातून फोन करत होती. त्या बिचाऱ्यांना समोरच्याला घाबरवायला अर्धा तास खपावं लागायचं. तुम्ही आधीच घाबरलेले आहात, शिवाय बिनपैशाचे. उरलेली कसर रजिस्ट्री साफ करणारं एखादं फुकटातलं सॉफ्टवेअर टाकून भरून काढा. असल्या सॉफ्टवेअरची जबाबदारी मायक्रोसॉफ्ट घेत नाही, हे त्यांनी जाहीर करून ठेवलेलं आहे. कुणीच घेत नाही, म्हणून तर तुम्ही घ्यायची.

आता पथ्य. लॅपटॉपला खरोखर काही होतंय का, म्हणजे अडकतो, आपोआप बंद पडतो, निळा पडदा देतो, हे आधी बघायचं आणि मग त्या वेळच्या आगेमागे पाच मिनिटांतल्या नोंदी वाचायच्या, असला उलटा उद्योग कुणी सुचवेल. ऐकू नका. त्याने शेकडो ओळींच्या चार उरतात आणि संध्याकाळ मोकळी पडते. कुणी सांगेल, रन चौकोनात 'परफमॉन' आणि पुढे '/रेल' टाका, रिलायबिलिटी मॉनिटर उघडेल, कुठल्या दिवशी काय कोसळलं ते दिवसवार दिसेल आणि एक ते दहात गुणसुद्धा मिळतील. दहापैकी दहा आले तर काय करणार आहात? कुणी म्हणेल, व्हिया-लॉगरची, म्हणजे हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या खात्याची, नोंद वारंवार येत असेल किंवा 'डिस्क' खात्याची ७ क्रमांकाची, खराब ब्लॉकवाली नोंद दिसली, तर दुखणं यंत्राच्या हाडामांसातलं असू शकतं. आधी डेटाची प्रत काढा, रजिस्ट्रीला हात न लावता दुकान गाठा, बदलून देण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते. हा सल्ला सगळ्यांत घातक. तो पाळलात तर नवा लॅपटॉप हातात पडेल आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

त्यापेक्षा मुदत सरू द्या. १००१६ च्या मागे लागलात की ती आपोआप सरते. मग एखाद्या शनिवारी सर्व्हिस सेंटरला जा, टोकन घ्या, फॉर्म भरा. त्यात 'तक्रारीचे स्वरूप' असा एक रकाना असतो, दीड ओळीचा. काउंटरवरचा मुलगा झाकण उघडेल, बटण दाबेल, यंत्र सात-आठ सेकंदांत सुरू होईल. तो इकडेतिकडे क्लिक करून बघेल, गाणं लावून बघेल, आणि विचारेल, "काका, प्रॉब्लेम काय आहे?" तेव्हा ती बत्तीस अक्षरं तोंडपाठ असलेली बरी.