अनात्मवाद म्हणजे हात झटकायची सोय नव्हे

"बुद्ध सांगतात आत्मा नाही, सगळं क्षणोक्षणी बदलतं. मग काल चूक करणारा माणूस आज उरलेलाच नाही. राग कुणावर धरता, जाब कुणाला विचारता?" हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. माझ्या बहिणीला तो पाठवला तिचे पैसे बुडवणाऱ्याने. संताप येतो तो म्हणून.

ही पळवाट जुनीच आहे आणि 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात तिला उत्तरही आहे. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणाला, "याने लावला तो आंबा वेगळा, मी नेले ते वेगळे. माझा गुन्हा नाही." बौद्ध भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतात, हा दोषी की नाही? राजा म्हणतो, दोषीच. लावलेल्या आंब्यामुळेच हे आंबे आले. पुनर्जन्माचंही तसंच, नागसेन सांगतात. या नामरूपाने, म्हणजे या मन-शरीराने, कर्म केलं, त्यातून दुसरं नामरूप उपजलं, म्हणून पापातून सुटका होत नाही. जन्म बदलूनही जे सुटत नाही, ते गेल्या वर्षीचं देणं कसं सुटेल? त्याच ग्रंथात म्हटलं आहे, "तोच नाही आणि दुसराही नाही." मजकुरात पहिला अर्धा भाग तेवढा उचलला आहे. 'करणारा एक, भोगणारा दुसरा' हा उच्छेदवाद, म्हणजे माणूस संपला की त्याचं सगळंच संपलं हे मत. तो खुद्द बुद्धांनी संयुत्तनिकाय या सुत्तसंग्रहात नाकारला आहे.

कायमचा, न बदलणारा आत्मा बुद्धांनी मानला नाही, एवढं खरं. माणूस पालटतो हेही मान्य. माणसं मारणारा दरोडेखोर अंगुलिमाल पालटला, भिक्षू होऊन अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झाला. तरी भिक्षेला गेल्यावर त्याच्यावर दगड पडले, डोकं फुटलं, आणि बुद्ध त्याला म्हणाले, सहन कर, आपल्याच कर्माचं फळ भोगतो आहेस.

त्या मजकुरातले बाकीचे मुद्दे किरकोळ. 'एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही' हा विचार बुद्धांचा नव्हे, तो ग्रीक हेराक्लिटसच्या नावावर आहे. सात वर्षांत शरीरातल्या सगळ्या पेशी बदलतात हेही खोटं. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी जन्मभर त्याच राहतात.

आणि मजकुराची शेवटची ओळ, 'पैसे मागणं हीच तृष्णा'. ही तर बहिणीलाच गुन्हेगार ठरवते. अंगुत्तरनिकायातल्या दीघजाणु सुत्तात बुद्ध गृहस्थाला सांगतात की कष्टाने, धर्माने मिळवलेलं धन राजा, चोर, आग, पूर यांच्यापासून जपावं. न दिलेलं घेणं मात्र पंचशीलात निषिद्ध आहे.