लसणाची पाकळी पांढरी राहिली म्हणून अळिंबी खाण्याजोगी ठरत नाही

मृगाचा पाऊस झाला की खान्देशातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक निरोप हमखास फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: रानातली अळिंबी (मशरूम) ओळखणं सोपं आहे. शिजवताना लसणाची पाकळी किंवा चांदीचं नाणं टाका, काळं पडलं नाही तर बिनधास्त खा. किडे-गोगलगायी लागलेली किंवा गुरांनी खाल्लेली अळिंबी विषारी नसते. पांढरी चांगली, रंगीत वाईट. शंका असेल तर मीठ-हळद-चिंच घालून उकळा, विष उतरतं. खाल्ल्यावर दोन तासांत त्रास झाला नाही तर काळजी मिटली. आणि हीच अळिंबी वाळवून, चुरून गव्हाच्या भुश्यात मिसळली की घरबसल्या पीक. शेवटी ‘आपल्या माणसांपर्यंत पोहोचवा’.

कृपा करून पोहोचवू नका. यातली एकही खूण भरवशाची नाही, आणि दोन-तीन तर थेट जिवावर बेतणाऱ्या आहेत.

चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. उकडलेल्या अंड्यानेही चांदीचा चमचा काळवंडतो, पण म्हणून अंड्याला कोणी विषारी म्हणत नाही. लसूण हिरवट, निळसर होतो तो त्याच्या स्वतःच्या रसायनांमुळे. लोणच्यातल्या पाकळ्यांचा रंग बदललेला अनेकांनी पाहिला असेल. अळिंबीतलं सर्वांत घातक विष अ‍ॅमाटॉक्सिन. त्याने चांदीचा रंग बदलत नाही आणि लसणाचाही नाही. चवीवरूनही ते कळत नाही. ज्यांना अशी विषबाधा झाली त्यांतल्या अनेकांनी भाजी चवीला छान होती असंच सांगितलेलं आहे.

किडे आणि गोगलगायींची गोष्टही तशीच. अमनाइटा कुळातल्या जीवघेण्या अळिंब्या गोगलगायी खुशाल खातात आणि काही माश्यांच्या अळ्या त्यांच्यावरच वाढतात. सशाला जे सोसतं ते माणसाच्या यकृताला सोसत नाही. कुरतडलेली टोपी पाहून एवढंच कळतं की ती कोणीतरी कुरतडली आहे.

रंगाचं मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण या खुणेवर शिकलेली माणसंही विश्वास ठेवतात. अमनाइटा कुळातल्या काही अतिविषारी जाती टोपीपासून देठापर्यंत पांढऱ्याशुभ्र असतात. दुसरीकडे लेपिओटा कुळातल्या लहानशा, तपकिरी, कोणाच्या डोळ्यांत न भरणाऱ्या काही जातींतही तेच अ‍ॅमाटॉक्सिन असतं. म्हणजे पांढरीचा भरवसा नाही आणि मळकट रंगाचाही नाही. त्यात क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस नावाची एक अळिंबी आहे. पावसाळ्यात गवतात, हिरवळीवर उगवते, मोठी, पांढरी, टोपीवर तपकिरी खवले, दिसायला अगदी खाण्याजोगी. कोवळी असताना टोपीखालचे पडदे पांढरेच असतात, जून झाल्यावर हिरवट होतात. टोपी कागदावर पालथी घालून रात्रभर ठेवली तर बीजाणूंचा, म्हणजे बुरशीच्या बीसारख्या सूक्ष्म कणांचा, हिरवट ठसा उमटतो. ही पोटात गेली तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि माणूस पार गळून जातो.

आता कोणी म्हणेल, नंदुरबार जिल्ह्यातली धडगाव-अक्कलकुव्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या रानातली अळिंबी खातात, मग त्यांना काय होतं? हा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर त्या माणसांच्या हातात दिसतं. वारुळावरची अळिंबी काढणारी जाणती बाई ती वरच्यावर खुडत नाही. देठाभोवतीची माती बोटांनी सारत खाली खाली जाते. देठ निमुळता होत मुळासारखा जमिनीत उतरतो, थेट वाळवीच्या घरापर्यंत, कारण ही बुरशी वाळवीच आत वाढवत असते. अमनाइटाचा देठ बहुधा बुडाशी फुगीर असतो आणि पुष्कळदा एका पांढऱ्या पिशवीत बसलेला असतो. आपल्यासारखा शहरातून गेलेला माणूस चाकूने जमिनीलगत कापतो, ती पिशवी मातीतच राहते आणि ओळखीची सर्वांत मोठी खूण हातची जाते. अर्थात देठ मुळासारखा दिसला एवढ्यावरही भागत नाही. जाणती माणसं जागा, दिवस, वास, पडदे, देठ असं सगळं मिळून बघतात, ठरावीक जातीच घेतात आणि अनोळखी अळिंबी तिथेच सोडून देतात. चांदीचं नाणं त्यांच्या ज्ञानात कुठेच नाही. त्यांच्या अनुभवाचा दाखला देऊन हा निरोप खपवणं हा त्यांचा अपमान आहे असं मला मनापासून वाटतं.

उकळण्याचं लगेच सांगून टाकतो. अ‍ॅमाटॉक्सिन उकळून जात नाही, वाळवून जात नाही, फ्रीजरमध्ये गोठवूनही जात नाही. मीठ, हळद, चिंच, ताक यांतलं काहीच त्याच्यावर उतारा नाही.

आणि दोन तासांची गोष्ट. संपूर्ण निरोपातलं हे सर्वांत घातक वाक्य. अ‍ॅमाटॉक्सिनची लक्षणं साधारण सहा ते चोवीस तासांनी दिसतात. आधी पोटात मुरडा, उलट्या, पाण्यासारखे जुलाब. मग दुसऱ्या दिवसाच्या सुमारास माणसाला बरं वाटायला लागतं. घरचे सुटकेचा श्वास सोडतात, दवाखाना लांबतो, आणि नेमकं त्याच वेळी यकृत निकामी होत असतं. 2022 च्या एप्रिलमध्ये आसामात रानातली अळिंबी खाऊन चहामळ्यांतल्या कष्टकरी कुटुंबांतली तेरा माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. म्हणून नियम उलटा लक्षात ठेवा: त्रास जितका उशिरा सुरू झाला तितका तो जास्त गंभीर धरायचा. दवाखान्यात जाताना उरलेली अळिंबी, भाजी, साफ करताना काढलेले तुकडे कागदात गुंडाळून सोबत घ्यायचे आणि किती वाजता खाल्ली ते डॉक्टरांना सांगायचं. त्याच पंगतीला जेवलेल्या इतरांना, त्रास होत नसला तरी, सोबत न्यायचं.

राहिला घरबसल्या पिकाचा दावा. वारुळावरची अळिंबी चुरून भुश्यात टाकली तर काहीच येणार नाही. तिला जिवंत वाळवी लागते, आणि तिचं व्यापारी पीक आजवर कोणाला घेता आलेलं नाही. वारूळ उकरून घरी आणणाऱ्यांनी दरवर्षी तिथे उगवणारी अळिंबीही गमावली म्हणून समजा. बाकीच्या रानअळिंब्यांचं म्हणाल, तर निर्जंतुक न केलेल्या भुश्यावर आधी हिरवी बुरशी येते, नाहीतर काळी शाई गळणाऱ्या तणअळिंब्या. आपल्याच पिशवीतून आल्या म्हणून त्या खाणारा माणूस रानातल्याइतकाच धोका पत्करतो.

खरं तर पीक घ्यायला खान्देशासारखी जागा नाही. गव्हाचं काड, सोयाबीनचा भुसा, केळीची वाळलेली पानं, सगळं शिवारात पडून असतं आणि धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) यांवर वाढते. काड बारीक कापून रात्रभर भिजवायचं, 80 अंशांच्या आसपास गरम पाण्यात तासभर ठेवायचं, निथळून गार करायचं, मग बियाण्याचे थर देत पिशव्या भरायच्या. पंधरा ते वीस दिवसांत पांढरी बुरशी पसरते, पिशवी फाडायची आणि फवारा मारत ओलावा 80 टक्क्यांच्या वर ठेवायचा. तापमान 20 ते 30 अंश हवं, म्हणून आपल्याकडे हिवाळा उत्तम. जळगाव-भुसावळचा मे महिना धिंगरीला सोसत नाही. तेव्हा 30 ते 35 अंशांत येणारी दुधी अळिंबी बघावी, तीही ओलावा टिकवता आला तरच. फवारलेल्या शेतातलं काड घेऊ नका. टोपीच्या कडा वळायच्या आत काढणी करा आणि खोलीत जाताना तोंडाला फडकं बांधा, कारण धिंगरीचे बीजाणू छातीत गेले की खोकला आणि दम लागतो.

बियाणं प्रयोगशाळेत गव्हा-ज्वारीच्या दाण्यावर वाढवलेलं असतं. जळगाव जिल्ह्यातलं पाल आणि ममुराबाद, शिवाय धुळे, नंदुरबार इथली कृषी विज्ञान केंद्रं आहेत, पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधन प्रकल्प आहे. कुठून घ्यायचं ते तिथे विचारा. पाकीट हातात आलं की तारीख बघा आणि उजेडात धरून बघा. दाणे पांढऱ्या बुरशीने सारखे मढलेले हवेत. हिरवा किंवा काळा ठिपका दिसला, आंबूस वास आला, तर ते पाकीट परत करा.