केटलिन क्लार्कची बोली लागलीच नव्हती

१५ एप्रिल २०२४ रोजी ब्रुकलिनमध्ये डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिला बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीचा कार्यक्रम, झाला, इंडियाना फीव्हरने पहिलं नाव केटलिन क्लार्कचं घेतलं आणि तेव्हापासून एक आकडा फिरतो आहे: ७६,५३५ डॉलर. हा तिचा पहिल्या वर्षाचा पगार, आपल्या पैशांत साधारण ६४ लाख रुपये. त्याच्या शेजारी आणखी दोन आकडे ठेवलेले असतात. पहिला व्हिक्टर वेम्बन्यामाचा. तो २०२३ मध्ये एनबीएच्या, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या लीगच्या, ड्राफ्टमध्ये पहिला आला आणि त्याला पहिल्याच वर्षी १ कोटी २० लाख डॉलरच्या वर मिळाले. दुसरा आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाचा, महिला क्रिकेटच्या डब्ल्यूपीएलच्या २०२३ च्या लिलावातले ३ कोटी ४० लाख रुपये. मग निष्कर्ष येतो: लिलावात पहिली आलेल्या मुलीला अमेरिकेत एवढीच किंमत, म्हणजे तिथे बायकांचा खेळ कोणी बघत नाही, लीग तोट्यात चालते, एनबीए पोसते म्हणून ती जिवंत आहे, आणि मिळतंय ते या मुली मुकाट घेतात.

७६,५३५ हा आकडा खरा आहे. त्यावरून काढलेली जवळपास प्रत्येक गोष्ट चुकीची आहे. हा आकडा कुणी हळहळून पुढे पाठवतं, कुणी बायकांच्या खेळाला हिणवायला पाठवतं. दोघांच्याही हातात चुकीचं माप आहे, आणि त्यामुळे या खेळाडूंची खरी तक्रार कुणाच्या कानावरच जात नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

“ड्राफ्ट म्हणजे खेळाडूंचा लिलाव.” सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. आयपीएल, प्रो कबड्डी, डब्ल्यूपीएल पाहून आपल्या डोक्यात एकच चित्र बसलं आहे: टेबलं, वर जाणारे हात, हातोडा. ड्राफ्टमध्ये हात वर जातच नाहीत. संघ ठरलेल्या क्रमाने येतात आणि आपली पाळी आली की एक नाव घेतात. नाव घेतल्यावर त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क फक्त त्या संघाचा. दुसरा संघ दुप्पट पैसे द्यायला तयार असला तरी त्याला मध्ये पडता येत नाही. पगाराचा तक्ता खेळाडूंची संघटना आणि लीग यांच्यातल्या करारात आधीच छापलेला असतो. २०२४ च्या तक्त्यात पहिल्या चार क्रमांकांना सारखाच पगार होता. क्लार्क, कॅमरन ब्रिंक, कामिला कार्डोसो आणि रिकिया जॅक्सन या चौघींना ७६,५३५. सातव्या क्रमांकावर शिकागोने घेतलेल्या एंजल रीसला ७३,४३९. कॉलेज बास्केटबॉलमध्ये गुणांचे विक्रम मोडून आलेल्या क्लार्कमध्ये आणि सातव्या मुलीत वर्षाला जेमतेम तीन हजार डॉलरचा फरक. कुठल्याही लिलावात असं होईल का?

लिलाव किंमत शोधतो. ड्राफ्ट किंमत शोधू देत नाही, तो त्यासाठीच बनवलेला आहे. मानधनासाठी मुंबई आणि बंगळुरू यांच्यात चढाओढ झाली, म्हणून ३ कोटी ४० लाख आले. क्लार्कसाठी बारा संघांत चढाओढ लागली असती तर काय झालं असतं, ते कधी कळणार नाही, कारण तशी सोयच नव्हती.

याच तुलनेतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते, आणि ती कुणीच मांडत नाही. २०२३ च्या डब्ल्यूपीएल लिलावात प्रत्येक संघाकडे १२ कोटी रुपये होते. २०२४ मध्ये डब्ल्यूएनबीएतल्या एका संघाच्या सगळ्या पगारांची कमाल मर्यादा होती १४ लाख ६३ हजार २०० डॉलर. तेव्हाच्या दराने गुणून बघा, साधारण १२ कोटी रुपयेच होतात. संघांची पाकिटं जवळपास सारखी होती! मानधनाला त्यातला पाव हिस्सा ओलांडून मिळाला आणि क्लार्कला जेमतेम पाच टक्के. मग क्लार्कचा आकडा लहान दिसतो तो दोन कारणांनी: नव्या मुलीला पाकिटातलं किती द्यायचं हे तक्ता ठरवतो, आणि मुळात ते पाकीटच लहान होतं. पहिलं कारण ड्राफ्टचं, दुसरं लीगच्या पैशांच्या वाटपाचं. बायकांच्या खेळाची ‘किंमत’ या दोन्हींत कुठेच मोजलेली नाही. आणि पहिल्या डब्ल्यूपीएलमध्ये प्रत्येक संघाचे साखळीतले आठ सामने होते, तर डब्ल्यूएनबीएच्या संघाला २०२४ मध्ये मे ते सप्टेंबर चाळीस सामने खेळायचे होते, हेही या तुलनेत धरायला हवं.

“वेम्बन्यामाला कोटी, क्लार्कला हजार.” वेम्बन्यामाचीही बोली लागली नव्हती. एनबीएतही पहिल्या क्रमांकाचा पगार तक्त्यातूनच येतो. फरक तक्त्याच्या मागे आहे. एनबीएच्या करारानुसार बास्केटबॉलच्या उत्पन्नाचा ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंना जातो. डब्ल्यूएनबीएच्या २०२० च्या करारात हा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास बसत होता, असे अंदाज आहेत. उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर गेलं तर वरचं निम्मं खेळाडूंना, असं कलम त्यात होतं. पण पहिल्याच वर्षी करोना आला आणि ती पातळी आवाक्याबाहेर गेली. एनबीएचं उत्पन्न कितीतरी मोठं आहे, तेव्हा डब्ल्यूएनबीएच्या खेळाडूंना एनबीएइतके डॉलर हवेत असं कुणी समजदार माणूस म्हणत नाही. त्या मागतात तो आपल्याच लीगच्या कमाईतला रास्त वाटा. वेम्बन्यामाचा आकडा शेजारी ठेवला की हा प्रश्न नाहीसा होतो आणि चर्चा ‘मुली मुलांइतक्या खेळतात का’ यावर घसरते. म्हणून मला ती तुलना नको असते, मुलींची कड घेणाऱ्यांनी केली तरीसुद्धा.

“कोणी बघत नाही.” तो २०२४ चा ड्राफ्टच टीव्हीवर सरासरी २४ लाख ५० हजार लोकांनी पाहिला. त्याआधीचा विक्रम सहा लाखांचा होता, २००४ मधला, डायना तौरासी पहिली आली त्या ड्राफ्टचा. त्या हंगामात फीव्हरच्या घरच्या सामन्यांना सरासरी १७ हजारांहून जास्त प्रेक्षक आले. क्लार्कचा पगार यामुळे एका डॉलरनेही वाढला नाही. स्टेडियम रिकामं असतं तरी तिला तेवढेच मिळाले असते. मग पगारावरून प्रेक्षक कसे मोजणार?

“एनबीए पोसते, लीग तोट्यात आहे.” यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते जास्त टिकतं. १९९६ मध्ये एनबीएच्या मालकांनी लीगला मंजुरी दिली, १९९७ मध्ये पहिला हंगाम झाला, आणि लीग वर्षानुवर्षं तोटा दाखवत आली आहे. पण ‘पोसणे’ हा शब्द दानाला वापरतात. एनबीए या लीगची सुमारे ४२ टक्के मालक आहे. तेवढाच हिस्सा महिला संघांच्या मालकांचा आणि उरलेले १६ टक्के २०२२ मध्ये साडेसात कोटी डॉलर घालून आलेल्या गुंतवणूकदारांचे. आपल्या मालमत्तेत पैसा घालणाऱ्याला कुणी अन्नदाता म्हणत नाही. त्या मालमत्तेचं मोल काय, हेही उघड आहे. २०२३ मध्ये एनबीएतल्या गोल्डन स्टेट संघाच्या मालकांनी महिलांच्या नव्या संघासाठी ५ कोटी डॉलर मोजले. जून २०२५ मध्ये क्लीव्हलंड, डेट्रॉइट आणि फिलाडेल्फिया यांना नवे संघ जाहीर झाले, तेव्हा प्रत्येकाची प्रवेश फी २५ कोटी डॉलर असल्याची बातमी होती. जुलै २०२४ मध्ये प्रक्षेपणाचा अकरा वर्षांचा करार झाला, वर्षाला सुमारे २० कोटी डॉलरचा. मरू घातलेल्या धंद्यात शिरायला कोणी २५ कोटी डॉलर देत नाही. ताळेबंदातला तोटा दाखवून खेळाडूंना गप्प करायचं आणि त्याच मालमत्तेचा भाव दोन वर्षांत पाचपट लावायचा, हे एकाच तोंडाने बोलता येत नाही. पुरुषांच्या लीगचीही सुरुवातीची दशकं काही सुखाची नव्हती. १९८० च्या अंतिम मालिकेतला निर्णायक सामना अमेरिकेच्या मोठ्या भागात रात्री उशिरा, रेकॉर्डिंग करून दाखवला गेला होता. तेव्हा पुरुषांचा बास्केटबॉल बंद करा असा सूर लावलेला मला तरी कुठे वाचायला मिळालेला नाही.

“लॉटरी ठरवून केलेली असते, स्टार मुलगी हव्या त्या शहराला मिळते.” थोडक्यात सांगते. ड्राफ्टमध्ये पहिली पाळी कुणाची, हे लॉटरी ठरवते. प्लेऑफला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीला, न पोहोचलेले संघ लॉटरीत येतात आणि त्यांच्या दोन हंगामांच्या एकत्रित कामगिरीवर शक्यता ठरतात. एकच वर्ष मुद्दाम हरून भागू नये यासाठी ही तजवीज. २०२५ च्या ड्राफ्टसाठी लॉस एंजेलिसची शक्यता ४४.२ टक्के होती. पहिला क्रमांक गेला डॅलसला आणि त्यांनी पेज बेकर्सला घेतलं. मोठ्या बाजारपेठेसाठी सगळं ठरवायचंच असतं तर ती हॉलिवूडच्या शहरात गेली असती.

“ड्राफ्टमध्ये नाव आलं की आयुष्याचं सोनं.” हा समज मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण त्याच्याखाली खऱ्या मुली चिरडल्या जातात. २०२४ मध्ये बारा संघ होते आणि एका संघात जास्तीत जास्त बारा जागा. म्हणजे अख्ख्या लीगमध्ये १४४ नोकऱ्या. पगाराची मर्यादा सांभाळायला काही संघ अकराच खेळाडू ठेवत. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये ३६ नावं पुकारली गेली. नावं पुकारली जातात, मंचावर फोटो निघतात, घरचे रडतात. काही आठवड्यांनी सराव शिबिर लागतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतल्या बऱ्याच जणी हंगाम सुरू होण्याआधीच घरी परततात. २०२० च्या करारात नव्या मुलीच्या पगाराला हमी नव्हती. संघाने सोडलं की पगार थांबायचा. चार्ली कोलियर २०२१ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेली होती. तिला डॅलसने मे २०२३ मध्ये सोडून दिलं. दोन वर्षांत पहिल्या क्रमांकाची ही गत, तर तिसाव्या क्रमांकाचं काय सांगावं?

उलट बाजूही तितकीच खरी आहे. बेकी हॅमनला १९९९ मध्ये एकाही संघाने निवडलं नाही. ती न्यूयॉर्कच्या शिबिरातून आत आली, सहा वेळा ऑल-स्टार सामन्यासाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडली गेली, २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेली आणि प्रशिक्षक म्हणून लास वेगासला २०२२, २०२३ आणि २०२५ अशी तीन विजेतेपदं मिळवून दिली. एरिका व्हीलरचंही नाव कुणी पुकारलं नव्हतं. २०१९ च्या ऑल-स्टार सामन्याची ती सर्वोत्तम खेळाडू ठरली. बेल्जियमची एमा मेसमन १९ व्या क्रमांकावर गेली होती, आणि २०१९ च्या अंतिम मालिकेत तीच सर्वोत्तम ठरली. ड्राफ्ट हे दार आहे, पण एकमेव नाही. आपल्या केरळची गीतू अण्णा जोस २०११ मध्ये थेट संघांच्या चाचण्यांना गेली होती. तिची निवड झाली नाही, पण भारतातून त्या दारापर्यंत जाता येतं हे तिने दाखवलं. पुण्या-नागपुरात चेंडू टप्प्याने खेळवणाऱ्या मुलींना क्लार्कच्या ६४ लाखांपेक्षा ही माहिती जास्त उपयोगी आहे.

राहिला शेवटचा मुद्दा, “मिळतंय ते मुकाट घेतात.” तौरासीने २०१५ चा अख्खा हंगाम सोडला, कारण तिच्या रशियन क्लबने तिला विश्रांती घेण्यासाठी पैसे दिले आणि ते डब्ल्यूएनबीएच्या पगाराच्या कितीतरी पट होते. अनेक जणी वर्षानुवर्षं हिवाळ्यात तुर्कस्तान, रशिया, चीन गाठत राहिल्या. ब्रिटनी ग्रायनर फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर अटकेत पडली ती याच वाटेवर, आणि डिसेंबरपर्यंत सुटली नाही. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघाने खेळाडूंसाठी खासगी विमानं वापरली म्हणून लीगने त्या संघालाच ५ लाख डॉलर दंड केला होता. सगळ्या संघांना तशी विमानं मिळाली ती २०२४ मध्ये, खेळाडूंनी वर्षानुवर्षं लावून धरल्यावर. नफीसा कोलियर आणि ब्रिआना स्टुअर्ट यांनी अनराइव्हल्ड ही स्वतःची लीग काढली. जानेवारी २०२५ मध्ये ती मायामीत सुरू झाली, खेळाडूंना मालकीत हिस्सा मिळाला आणि सरासरी पगार २ लाख डॉलरच्या वर गेला. आणि ज्या करारातून ते ७६,५३५ आले, तो करार मुदतीआधी संपवण्याचा निर्णय खेळाडूंच्या संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्येच घेतला, क्लार्कचा पहिला हंगाम नुकताच संपला होता तेव्हा.

जुलै २०२५ मध्ये ऑल-स्टार सामना इंडियानापोलिसला होता, क्लार्कच्याच मैदानावर. सामन्याआधी खेळाडू उतरल्या त्या ‘आमचं देणं आम्हाला द्या’ असं छापलेले काळे टी-शर्ट घालून. सामना संपल्यावर नफीसा कोलियरला सर्वोत्तम खेळाडूचा चषक दिला जात असताना स्टेडियमभर प्रेक्षक ओरडत होते, ‘यांना पैसे द्या! यांना पैसे द्या!’ आणि लीगच्या आयुक्त तिथेच उभ्या होत्या.