रायपनिंग चेंबरमधलं ९०० चं रीडिंग: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली, पण घाईत दोन ओळी टाकून मोकळं व्हावंसं वाटलं नाही, म्हणून आज सवडीने लिहितोय.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. दादांचं रावेरकडे केळी पिकवायचं चेंबर आहे. माझा ऑप्टिकल गॅस सेन्सरवरचा लेख वाचून त्यांनी कार्बन डायऑक्साइड मोजणारं एक छोटं सेन्सर मॉड्यूल मागवलं आणि आतली हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याला, म्हणजे एक्झॉस्टला, जोडलं. पहिले काही दिवस रीडिंग पटत होतं, पण पंधरा दिवसांनी कॅरेट काढायला आत गेलेल्या पोराचं डोकं जड झालं आणि तेव्हा डिस्प्लेवर होते ९०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ९०० भाग), म्हणजे काळजी करू नये असा आकडा. त्यांचं म्हणणं असं की याआधी दोन वर्षं दीडशे रुपयांचा एमक्यू-१३५ नावाचा गॅस सेन्सर बिनतक्रार चालला, प्रकाशाने वायू मोजणं हे लॅबवाल्यांचं काम, आणि मी लोकांना उगाच खर्चात पाडतोय.

सगळ्यात आधी, तो पोरगा बरा आहे ना? ते कळवा.

आता ९०० बद्दल. यात चूक माझी आहे, तुमची नाही. या स्वस्त मॉड्यूलमध्ये बहुतेक वेळा ऑटो कॅलिब्रेशन, म्हणजे आपलं रीडिंग आपणच जुळवून घेणं, कारखान्यातूनच चालू असतं. त्याचा हिशोब असा की ऑफिस किंवा शाळा रात्री रिकामी होते, आतली हवा बाहेरच्या हवेसारखी होते, मग दिवसभरात किंवा आठवडाभरात जे सगळ्यात कमी रीडिंग आलं तेच बाहेरच्या हवेचे ४०० पीपीएम असं मॉड्यूल धरून चालतं आणि आपलं बेसलाइन तिथे सरकवतं. वर्गखोलीसाठी हे झकास आहे. पण तुमचं चेंबर कधी ४०० वर येतच नाही, हवा खेळवली तरी आत हजार-दोन हजार उरतातच, केळी काही श्वास घ्यायची थांबत नाहीत. म्हणजे मॉड्यूल त्या दोन हजारालाच ४०० म्हणायला लागलं. आणि तुमचा एक्झॉस्ट त्याच रीडिंगवर चालतो ना, म्हणजे रीडिंग कमी म्हणून पंखा कमी, पंखा कमी म्हणून आतला गॅस जास्त, आणि त्या जास्तीलाच मॉड्यूल पुन्हा ४०० समजणार. असं रोज थोडं थोडं सरकत पंधरा दिवसांत ते पार वाट चुकलं. माझा सगळा लेख वर्गखोली डोळ्यासमोर ठेवून लिहिला होता आणि ‘बंद जागेत लावणार असाल तर हे आधी बंद करा’ हे एक वाक्य राहून गेलं. ते वाक्य तिथे असतं तर तुमच्या माणसाला त्रास झाला नसता, याचं मला मनापासून वाईट वाटतंय. काल लेखात सगळ्यात वर ते टाकलंय.

पण एमक्यू-१३५ परत लावू नका, कृपा करून.

त्या सेन्सरमध्ये टिन ऑक्साइडचा तापलेला थर असतो. अल्कोहोल, धूर, अमोनिया असे वायू त्या गरम थरावर येऊन रासायनिक प्रतिक्रिया करतात आणि त्याचा रेझिस्टन्स बदलतो, आपण तो बदल वाचतो. कार्बन डायऑक्साइड मात्र आधीच पुरता जळून झालेला वायू आहे, राखेला पुन्हा काय पेटवणार? तो थर त्याला जवळजवळ ओळखतच नाही. घरी करून बघा, मी टेबलावर दोन्ही शेजारी ठेवून केलंय. सोड्याची बाटली हलवून तिचा गॅस प्लास्टिकच्या पिशवीत घेतला आणि पिशवी दोघांवर धरली, तर ऑप्टिकलवाला काही सेकंदांत वरच्या टोकाला जाऊन टेकला, एमक्यूचा आकडा जरासा हलला आणि बसला. मग सॅनिटायझरचा कापूस जवळ नेला, तर एमक्यू उसळला आणि ऑप्टिकल जागचा हलला नाही.

मग दोन वर्षं तो ‘चालला’ कसा? केळी पिकताना कार्बन डायऑक्साइड सोडतात, तसं इथिलिन हा फळ पिकवणारा वायू सोडतात, आणि पिकल्याचा जो वास येतो त्यातले अल्कोहोलसारखे वायूही सोडतात. हे सगळं साधारण सोबत वाढतं. एमक्यू वास मोजत होता, तुम्ही त्याला कार्बन डायऑक्साइड समजत होता, आणि पंखा योगायोगाने बऱ्यापैकी वेळेवर लागत होता. पण सुरुवातीला तुम्ही जे इथिलिन सोडता, १०० पीपीएमपर्यंत, ते आठवा. टिन ऑक्साइड इथिलिनलाही दाद देतो. आकडा चढला, एक्झॉस्ट सुरू झाला आणि पैसे देऊन सोडलेलं इथिलिन बाहेर! काही फण्या पिवळ्या, काही हिरव्याच, असा माल तुमच्याकडे निघत असेल तर एकदा याच्याशी ताडून बघा.

ऑप्टिकलमध्ये रासायनिक प्रतिक्रिया वगैरे काही नाही. एका टोकाला बारीक दिवा, मध्ये छोटी पोकळी, दुसऱ्या टोकाला डिटेक्टर, आणि डिटेक्टरसमोर फक्त ४.२६ मायक्रॉनचा इन्फ्रारेड सोडणारी गाळणी. कार्बन डायऑक्साइडचा रेणू नेमका हाच प्रकाश गिळतो, म्हणून पलीकडे जितका कमी पोचला तितका वायू जास्त. इथिलिन तिथे गिळत नाही, पाण्याची वाफही जवळपास नाही. म्हणून मला ही पद्धत इतकी आवडते.

आणि लॅबवाल्यांचं म्हणाल तर हवाईच्या मौना लोआवर १९५८ पासून जगाचा कार्बन डायऑक्साइड मोजतायत, तो कितीतरी दशकं अशाच इन्फ्रारेड यंत्राने मोजला, लॅबमध्ये नाही, ज्वालामुखीच्या उतारावर. पण ते लोक ठरलेल्या मिश्रणाचे सिलिंडर जोडून यंत्र सारखं ताडून बघायचे. यंत्र सरकतं हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं, आणि ते मी तुम्हाला सांगायला हवं होतं.

तर आता काय करायचं. ऑटो कॅलिब्रेशन बंद करा. मॉड्यूल उघड्यावर नेऊन अर्धा तास ठेवा, माणसांपासून आणि गाड्यांपासून लांब, आणि तिथे त्याला हाताने कॅलिब्रेट करा, दर महिन्याला. बाहेरची हवा आता ४२० च्या वर असते, त्यामुळे ४०० धरलं तरी तुमच्या कामाला तेवढा फरक चालतो. रेंज मात्र बघून घ्या, ५००० चं असेल तर उपयोगाचं नाही, कारण पिकवताना १ टक्का, म्हणजे १०,००० च्या खाली ठेवायचं असतं आणि ती मर्यादा दिसायला तरी हवी. पुढचं घ्याल तेव्हा ड्युअल चॅनेल विचारा. त्यात दुसरा डिटेक्टर अशा रंगावर असतो जो कुठलाच नेहमीचा वायू गिळत नाही, मग दिवा मंदावला किंवा धूळ बसली तर ते त्याला स्वतःलाच कळतं. चेंबरमधली ९०-९५ टक्के ओल सेन्सरच्या आतल्या आरशावर दव धरते, म्हणून सेन्सर बाहेर ठेवून छोट्या पंपाने हवा ओढा, मध्ये पाणी अडवायला बाटली.

आणि हे सगळं होईपर्यंत डिस्प्लेवर काहीही असो, दार उघडून पंखा लावल्याशिवाय कुणाला आत सोडू नका. आठ तासांच्या कामाला ५००० ची मर्यादा धरतात आणि ४०,००० ला जिवाला धोका, आणि भरलेलं चेंबर एक्झॉस्ट न लागता बंद राहिलं तर आकडा चढतच राहतो.

मॉड्यूलच्या मागच्या लेबलचा फोटो इथेच टाका, त्यातलं ऑटो कॅलिब्रेशन कसं बंद करायचं ते बघून लगेच सांगतो.