कागदाची घडी ‘अंदाजे’ नसते

शिक्षक-पालकांच्या गटांतून एक मजकूर बराच फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कागदाच्या घड्या ही हस्तकला, भूमिती नव्हे, घडीचं माप अंदाजे असतं, कोनाचे तीन समान भाग करता येत नाहीत हे सिद्ध झालंय, म्हणून घडीने ते करून दाखवणारे मुलांची दिशाभूल करतात, आणि हे सगळं जपानी खूळ आहे. यातला एकही मुद्दा टिकत नाही.

आधी ‘अंदाजे’ घेऊ. एक बिंदू दुसऱ्यावर टेकवून घातलेली घडी म्हणजे लंबदुभाजक, रेषेवर रेषा आणली तर कोनदुभाजक. हात हलेल, पण कंपासचं टोकही सरकतंच. अचूकता सिद्धतेत असते. चौरस कागदाचा खालचा उजवा कोपरा वरच्या कडेच्या मध्यावर आणा. उजवीकडे ३:४:५ बाजूंचा काटकोन त्रिकोण तयार होतो, आणि तिरकी झालेली खालची कड डाव्या कडेला तळापासून बरोबर एक तृतीयांशावर छेदते. पट्टी लागलीच नाही. हे काझुओ हागा यांनी मांडलं. ते मूळचे जीवशास्त्राचे प्राध्यापक.

आता त्रिभाजन, म्हणजे कोनाचे तीन समान भाग करणं, कारण खरी गफलत इथे आहे. फ्रेंच गणिती पिएर वाँझेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केलं ते एवढंच, की खुणा नसलेली पट्टी आणि कंपास वापरून प्रत्येक कोनाचं त्रिभाजन करता येत नाही; काटकोनासारख्या काही कोनांचं होतं, सगळ्यांचं नाही. घडीबद्दल त्यात अक्षरही नाही.

हिसाशी आबे यांची रीत करून बघा. डावा खालचा कोपरा क. तिथून निघालेली तिरकी घडी आणि तळकड यांच्यात आपला लघुकोन. तळाला समांतर, समान अंतरावर दोन आडव्या घड्या घाला. डाव्या कडेवर त्यांची टोकं, खालून वर, ख आणि ग; म्हणजे कख आणि खग समान. आता एकाच घडीत ग तिरक्या रेषेवर आणि क खालच्या आडव्या घडीवर आणा. (ट्रेसिंग पेपर घेतला तर बिंदू आरपार दिसतात, काम सोपं होतं.) क, ख, ग जिथे पडले त्यांना त, थ, द म्हणू. कत आणि कथ या रेषा कोनाचे तीन समान भाग करतात.

का? खत ही कग ला लंब आहे. घडीत त चं प्रतिबिंब क आणि ख चं थ, म्हणून कथ ही तद ला लंब. थ हा तद चा मध्य, त्यामुळे कथ ही कत आणि तिरकी रेषा यांच्यातल्या कोनाला दुभागते. शिवाय त पासून तळकडेवरचा लंब कख एवढा, म्हणजेच तथ एवढा. कत हा कर्ण सामाईक, म्हणून दोन्ही काटकोन त्रिकोण एकरूप. तिन्ही कोन समान. दहावीच्या मुलाला कळेल अशी ही सिद्धता आहे, आणि तिला दिशाभूल म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

‘जपानी खूळ’? टी. सुंदर राव यांचं घड्यांतून भूमिती मांडणारं पुस्तक १८९३ मध्ये मद्रासला छापलं गेलं. दोन बिंदू एकाच वेळी दोन रेषांवर आणणाऱ्या घडीने घनसमीकरणं सुटतात, हे इटलीच्या मार्गेरिटा बेलोक यांनी १९३६ मध्ये दाखवलं.

घडीलाही मर्यादा आहेत. सुसम सप्तकोन (सात समान बाजू आणि समान कोनांची आकृती) पट्टी-कंपासने निघत नाही, घडीने निघतो. पण वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस दोन्हींच्या आवाक्याबाहेर आहे.