खाटेवरून पांदण मोकळी कशी करावी

पांदणीत, म्हणजे शेतात जायच्या वाटेवर, बंडी रुतली की बैल नंतर सोडा, आधी मोबाइल आडवा धरा. चाक निम्मं बुडालेलं दिसलं पाहिजे. धुऱ्याकडची, म्हणजे बांधाकडची, पऱ्हाटी (कपाशी) मात्र फोटोत येऊ देऊ नका. आपण पांदणीत सरकवलेल्या दोन ओळी लोक बरोबर मोजतात.

फोटोखाली ‘कुठे गेला विकास?’ एवढंच लिहा. गट नंबर चुकूनही नको. तो दिसला की पोस्ट तक्रारीसारखी वाटते आणि एखादा भाऊ ‘चाल, तहसीलात जाऊ’ म्हणून दारात उभा राहतो. व्हॉट्सॲपचं स्टेटस २४ तास टिकतं, निषेधाला तेवढे पुरे. मेसेज एका वेळी पाचापेक्षा जास्त ठिकाणी जात नसेल, तर आवाज दाबला जातोय असा दुसरा मेसेज सोडा. तो पहिल्यापेक्षा जास्त फिरतो.

खरा धोका कायद्याचा आहे. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार तो मोकळा करून देऊ शकतो. सुदैवानं दावा सहा महिन्यांतच लावावा लागतो. पेरणीत पांदण दाबली गेली, की पोळ्यापर्यंत ग्रुपवर चर्चा, मग सोयाबीन, दिवाळी, कापसाची वेचणी. मुदत आपोआप संपते. मग ‘कायदा आंधळा आहे’ हे चित्र टाकायला मोकळे.

ग्रामसभेला न जाण्यात कसलाच अपराध नाही. कोरमला, म्हणजे सभा भरायला, १५ टक्के मतदार किंवा १००, यांत जे कमी ते लागतात. तेवढे नसले तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. सात जण हात वर करतात, पांदणीच्या मुरमाचे पैसे कुणाच्या तरी अंगणासमोर पेव्हर ब्लॉक होऊन बसतात. आपण त्या ब्लॉकचा फोटो टाकून ‘हे कोणाला विचारून केलं?’ विचारावं. हा प्रश्न ग्रुपवरच शोभतो. सभेत विचारला तर प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, नावासकट येतो.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, तेवढ्यात अर्धा खर्राही (तंबाखू-सुपारीची पुडी) येत नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. पण अर्जावर नाव-पत्ता घालावा लागतो, अन् शेजारी तर आपलाच सोयरा.

तरीही ग्रामसेवकानं ग्रुपवर ‘लेखी द्या’ असं टाकलंच, तर ‘सोमवारी येतो साहेब’ लिहा आणि ग्रुप म्यूट करा. आठ तास, एक आठवडा, कायमचा असे पर्याय येतात. आठवडा निवडा, कायमचा केला तर सरपंचाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा राहून जातात.