‘व्हेरिफाय’ केल्याने मॉड निघून जात नाहीत

साताऱ्यातील गेम खेळणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत गेले काही महिने एक संदेश फिरतो आहे: ‘मॉडमुळे गेम बिघडला तर मॉड मॅनेजर काढून टाका आणि स्टीमवर व्हेरिफाय करा. तरीही जमले नाही तर अनइन्स्टॉल करून गेम पुन्हा टाका. सगळे पहिल्यासारखे होते, बॅकअपची गरज नाही.’ मॉड म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या, खेळाडूंनी बनवलेल्या फायली; मॉड मॅनेजर म्हणजे त्या घालण्या-काढण्याचा प्रोग्रॅम; स्टीम हे संगणकावरचे गेम विकत घेण्याचे आणि उतरवण्याचे दुकान; आणि व्हेरिफाय ही गेमच्या फायली तपासण्याची त्यातली सोय. पोवई नाक्याजवळ संगणक दुरुस्तीचे काम करताना या सल्ल्याने आठवडे वाया गेलेली मुले मी पाहिली आहेत, म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

व्हेरिफायविषयीच्या विधानात अर्धे तथ्य आहे. स्टीमकडे गेमच्या मूळ फायलींची यादी असते. व्हेरिफाय करताना त्या यादीतील प्रत्येक फाइल तपासली जाते आणि जी गहाळ किंवा बदललेली आढळेल ती दुरुस्त केली जाते. मात्र वर्गात हजेरी घेताना गुरुजी हजेरीपटावरची नावे पुकारतात, तेव्हा गैरहजर मुलगा कळतो, पण मागच्या बाकावर येऊन बसलेला बाहेरचा मुलगा कळत नाही, कारण त्याचे नाव पुकारलेच जात नाही. मॉडच्या बहुतेक फायली अशा बाहेरच्या असतात. जीटीए ५ या गेममध्ये ओपनआयव्ही हे मॉडिंगचे साधन वापरणारे मूळ फायलींची प्रत ‘मॉड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून त्या प्रतीतच बदल करतात; मूळ फाइल शाबूतच असल्याने व्हेरिफायला तिथे दुरुस्त करण्यासारखे काही सापडत नाही आणि गेम मात्र बदललेलाच चालतो.

पुन्हा इन्स्टॉल करण्याचा सल्ला अधिक महागात पडतो. कोरेगावचा बारावीतला एक मुलगा सत्तर जीबीहून मोठा हा गेम मामाच्या घरच्या ब्रॉडबँडवर दोन रात्री बसून पुन्हा उतरवून माझ्याकडे आला, तरी सुरुवातीलाच ‘गेमची आवृत्ती अनोळखी’ अशा अर्थाची तीच जुनी चौकट उघडत होती. गेमच्या फोल्डरमधील फायली तारखेनुसार लावल्यावर कारण समोर आले: बाकी सर्व फायलींवर आदल्या दिवसाची तारीख होती आणि तीन फायलींवर कित्येक महिन्यांपूर्वीची. त्यांपैकी एक होती डीइनपुट८.डीएलएल आणि दुसरी स्क्रिप्टहूकव्ही.डीएलएल, दोन्ही मॉडसोबत आलेल्या. अनइन्स्टॉल करताना स्टीम स्वतः आणलेल्या फायली काढते. मॉडने आणलेल्या फायली मात्र स्टीमच्या ‘कॉमन’ फोल्डरमधील गेमच्या त्याच फोल्डरात राहतात आणि नवा गेम पुन्हा त्यांच्या शेजारी येऊन बसतो. रोजचा दोन जीबी डेटा असलेल्या मुलाला एवढे डाउनलोड करायला महिन्याहून अधिक काळ लागेल, हे सल्ला देणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे होते.

मॉड मॅनेजर काढल्याने मॉड जातात, हे तर सरळ चूक आहे. व्हॉर्टेक्स हा मॅनेजर सहसा मॉडच्या फायली हार्डलिंकने (म्हणजे एकाच फाइलला दुसऱ्या जागीही नाव देऊन) गेमच्या फोल्डरातच मांडतो, त्यामुळे आधी त्यातील ‘पर्ज’ (मांडलेल्या फायली काढून घेणे) न करता तो काढला की फायली तिथेच उरतात. मॉड ऑर्गनायझर २ या दुसऱ्या मॅनेजरची रीत वेगळी आहे. तो गेमला आभासी फोल्डर दाखवतो आणि खरा फोल्डर जवळपास अस्पर्शित राहतो. म्हणूनच नव्याने मॉडिंग शिकणाऱ्याला मी तोच सुचवतो.

बॅकअपची गरज नाही, या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग येतो. स्कायरिम या गेमच्या सेव्हमध्ये (खेळातील प्रगती साठवणाऱ्या फाइलमध्ये) मॉडच्या स्क्रिप्टची, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमची, माहितीही साठते; मॉड काढल्यावर ती अनाथ होऊन सेव्हमध्येच पडून राहते, आणि त्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे मॉड घालण्यापूर्वीचा सेव्ह. तो सेव्ह आणि सेटिंगच्या फायली ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘माय गेम्स’मध्ये असतात, जिथे व्हेरिफाय पोहोचत नाही. शिवाय पुन्हा डाउनलोड केलेला गेम नेहमी आजच्या आवृत्तीचा असतो. २५ एप्रिल २०२४ रोजी फॉलआउट ४ या गेमला मोठा अपडेट आला, तेव्हा १.१०.१६३ या आवृत्तीवर बेतलेले असंख्य मॉड बंद पडले. ज्यांनी त्या आवृत्तीची प्रत बाजूला ठेवली होती त्यांना फक्त ती परत ठेवायची होती.

मग करावे काय? आधी सेव्हची प्रत काढावी, मॅनेजरमधून पर्ज करावे, त्यानंतर गेमच्या फोल्डरात जी फाइल किंवा फोल्डर मॉडचा वाटेल तो न पुसता दुसऱ्या ड्राइव्हवर हलवावा, आणि व्हेरिफाय सर्वांत शेवटी करावे. या क्रमात चुकून मूळ फाइल हलवली गेली तरी बिघडत नाही, कारण यादीत नाव असलेली फाइल स्टीम परत आणते, तीही फक्त तेवढीच. कोरेगावच्या मुलाच्या त्या तीन फायली हलवून व्हेरिफाय केले, तेव्हा सर्व फायली बरोबर असल्याचा निर्वाळा आला, नव्याने काहीही उतरवावे लागले नाही आणि गेम पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला.